मागाखालचा खड्डा

औरंगाबादला, कॉलेजच्या लायब्ररीत,
मागच्या कपाटात एक जाड पुस्तक होतं
कुणी वर्षानुवर्षं न उघडलेलं.
आत लाकडी ठशांची छापचित्रं :
कुठल्याशा लाल वाळवंटातल्या नवाहो बाया,
पाठमोऱ्या, खांद्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या घोंगड्या,
एकीच्या मांडीवर पोर,
एकीच्या पायाशी मेंढरं,
आणि एकीच्या पुढ्यात उभा माग.

त्या पानाचा फोटो मी दिवाळीत
उदगीरला आईपुढं धरला.
तिनं हात पदराला पुसले,
चिंचोक्याच्या खळीचा वास असलेल्या बोटांनी
चित्र मोठं केलं, अजून मोठं केलं.
वाळवंट बाहेर गेलं, मेंढरं गेली, बाईपण गेली,
उरला नुसता ताणा.
"माग उभा हाय व्हय?" ती म्हणाली,
"मग हिचे पाय काय करूलालेत?"

मला सांगता येईना.
पाय झग्याखाली होते.

त्या सुट्टीत मी लिनो कोरायला घेतला.
आई मागावर,
इमलमावशी रहाटापाशी,
मसाजीकाका कुंच्यानं ताण्याला खळ ओढताना,
वहिनी लोकर पिंजताना, आणि तिचा धाकटा
लोकरीच्या ढिगात, नुसती टाच दिसेल इतका.
वहिनीला सांगितलं, यात काळं काढता येत नाही,
पांढरं तेवढं उकरायचं,
काळं आपलं आपण राहतं.
ती म्हणाली, काळ्या मेंढीचं तसंच की,
तिला कोण रंगवतंय.

प्रेस कुठला तिथं.
वरणाच्या पळीच्या पाठीनं कागद घासला,
सोलून काढला, तर सगळं घर उलटं झालेलं.
आईची फुली उजव्या नाकपुडीत,
पदर उजव्या खांद्यावर.
"मला गुजरातीण केलीस की गं!"
हसून हसून तिला ठसका लागला.
मग बराच वेळ बघत बसली.
मग म्हणाली, "पण गुडघ्यात तोडलीस मला."

खरंच. चित्र जमिनीशी थांबत होतं,
त्या पुस्तकातल्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी ती जेवायला उठली तेव्हा
मी तिच्या खड्ड्यात उतरले.
चोवीस वर्षं या घरात, कधी उतरले नव्हते.
गार होतं. शेणानं सारवलेल्या भिंती,
झिजून बशीसारख्या झालेल्या दोन पावड्या,
आणि समोरासमोर दोन खुंट्या,
कशाच्याच उपयोगाच्या नाहीत अशा.

"ह्या कशाला गं आई?"
वरून, भाकरी चावत, तिचा आवाज :
"तुझ्या झोळीच्या. वर फुफाटा असायचा उन्हाळ्यात.
नऊ महिने हितंच निजलीस तू.
पावडीला दोरी बांधलेली.
डावी दाबली की झोका जायचा,
उजवी दाबली की माघारी.
हणमंताला बांधली, तर त्याला मानवली न्हाई.
रडूनरडू वर यायचा."

दुसरा लिनो तेवढ्याच रुंदीचा कापला.
जवळजवळ सगळा काळाच ठेवला.
पावड्या, दोन पाय,
टाचांच्या भेगा केसाएवढ्या रेघांनी,
आणि झोळीचा एक बाक.
झोळीत काही कोरलं नाही.
दोनदा हत्यार टेकवलं तिथं, उचललं.

दोन्ही कागद एकाखाली एक ठेवून
मी डिंकाची बाटली उघडली.
आईनं हात धरला. "चिकटवतेस कशाला? शिव."
सांगूनही ऐकलं नाही, कागद फाटेल म्हणून.
घोंगडीचे दोन पट्टे जोडायची तीच सुई,
तोच काळा लोकरीचा दोरा,
चष्मा नाकावर ओढून
तिनं वरचं घर खालच्या खड्ड्याला शिवलं.

फाटला थोडा.
एका ठिकाणी टाकाही उघडा पडला,
झोळीच्या बरोबर वर.
"उसवून परत घालू का?" तिनं विचारलं.
मी नको म्हणाले.
"बघ बाई," ती म्हणाली, आणि दातानं दोरा तोडला.